मध्य कोठें धरावा?

गेल्या महिन्यांत आमचा पुतण्या चार दिवसांची रजा काढून घरीं आला होता. तो घरोघर माल पोंचविणाऱ्या एका कंपनींत नोकरीस आहे. कोणकोणत्या गांवीं कोठारें बांधलीं असतां माल लवकर व थोड्या खर्चांत पोंचेल, हें गणितानें काढून देणें हें त्याचें काम. रात्रीं पंक्तींत हा विषय निघाला, तेव्हां आमच्या थोरल्या वहिनी वाढतां वाढतां म्हणाल्या, "अरे, सगळ्यांच्या मध्यावर बांधावें म्हणजे झालें. त्याला एवढें गणित कशाला?" मुलगा हंसून म्हणाला, "आई, मध्य कोणता, हेंच तर शोधायचें असतें."

मंडळी हंसली व विषय पालटला. आम्हांस मात्र त्या उत्तरानें फार दिवसांची एक गोष्ट आठवली. ती गोष्ट व तिच्या पाठीमागचें गणित या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावें असें योजिलें आहे. आंकड्यांस कोणीं भिऊं नये. गुणाकार व बेरीज यांपलीकडचा हिशेब येथें नाहीं.

१९९४ सालीं आम्ही कोंकणांतील एका लहान गांवीं शिक्षक होतों. गांव म्हणजे एकाच रस्त्यावर ओळीनें वसलेल्या पांच वाड्या. पहिल्या वाडीपासून मोजलें असतां दुसरी वाडी १ किलोमीटरावर, तिसरी २ वर, चौथी ३ वर, आणि पांचवी एकदम ६ किलोमीटरांवर, डोंगराच्या कुशींत. चौथीपर्यंतच्या शिक्षणाची सोय जवळपास होती. पांचवी ते सातवीचे वर्ग नव्यानें निघावयाचे होते. त्या वर्गांत येणारीं मुलें पहिल्या वाडीचीं १४, दुसरीचीं २०, तिसरीचीं १६, चौथीचीं १० व पांचवीचीं ५, मिळून ६५ होतीं. इमारत कोठें बांधावी हें ठरविण्यास गांवकऱ्यांची समिती बसली, आणि गणित शिकविणारे म्हणून आम्हांसही तींत घेण्यांत आलें.

प्रत्येक वाडीचा पुढारी आपल्या दाराशीं शाळा मागत होता. दोन बैठका नुसत्या बोलाचालींत गेल्या. तिसऱ्या बैठकींत आम्हीं खडू हातीं घेतला व म्हटलें, "सगळ्या मुलांना मिळून कमींत कमी चालावें लागेल, ती जागा घ्यावी." हें सर्वांस पटलें. दुसऱ्या वाडींत शाळा धरली तर पहिल्या वाडीचीं १४ मुलें एकेक किलोमीटर चालणार, म्हणजे १४, दुसरीचीं शून्य, तिसरीचीं १६, चौथीचीं १० मुलें दोन दोन किलोमीटर, म्हणजे २०, आणि पांचवीचीं ५ मुलें पांच पांच किलोमीटर, म्हणजे २५. एकूण ७५. याच रीतीनें तिसऱ्या वाडीची बेरीज ७८, पहिलीची ११२, चौथीची ११३ व पांचवीची २७८ आली. सर्वांत लहान आंकडा ७५. पुढारी गप्प झाले. कारण आंकडा कोणाच्याही भावकीचा नसतो. शाळा दुसऱ्या वाडींत झाली. त्या रात्रीं घरीं परततांना आम्हांस आपल्या विद्येचा थोडासा अभिमानही वाटला, हें येथें कबूल करणें भाग आहे.

आतां हें उत्तर कां आलें तें पाहूं. सर्व ६५ मुलें वाड्यांच्या क्रमानें एका रांगेंत उभीं करा आणि बरोबर मधलें, म्हणजे ३३ वें, मूल कोणत्या वाडीचें तें पाहा. पहिल्या वाडीचीं १४ व दुसरीचीं २० मिळून ३४ होतात. म्हणजे ३३ वें मूल दुसऱ्या वाडीचें. शाळा तेथून पुढें सरकविली तर अलीकडच्या ३४ मुलांचें चालणें वाढतें व पलीकडच्या ३१ मुलांचें कमी होतें. मागें सरकविली तर याहून अधिक तोटा. म्हणून जागा तेथेंच स्थिर राहते. अशा जागेस 'मध्यक' म्हणतात. सरासरीशीं त्याचा घोंटाळा करूं नये. सर्व मुलांच्या घरांच्या अंतरांची सरासरी काढली तर ती पहिल्या वाडीपासून सुमारें १.७ किलोमीटरांवर येते. आणि दोन टोकांच्या बरोबर मधोमध पाहिलें तर ती जागा ३ किलोमीटरांवर, चौथ्या वाडींत येते. एका सरळ रस्त्यावर हे तीन मध्य झाले! वहिनींचा प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता.

या मध्यकाचा एक स्वभाव ध्यानांत घेण्यासारखा आहे. पांचवी वाडी ६ किलोमीटरांवर न राहतां ६० किलोमीटरांवर गेली असती, तरी ३३ वें मूल दुसऱ्या वाडीचेंच राहिलें असतें आणि शाळा तेथून एक पाऊलही हलली नसती. संस्कृतांत 'मध्यस्थ' या शब्दास दोन छटा आहेत. मध्यस्थ म्हणजे निःपक्षपाती, आणि मध्यस्थ म्हणजे उदासीनही. मध्यक हा दोन्ही अर्थांनीं मध्यस्थ आहे. तो कोणाची भीड धरीत नाहीं, आणि टोकावरच्याची हांकही त्यास ऐकूं येत नाहीं.

ओळ सोडून मोकळ्या पृष्ठभागावर आलें कीं हाच प्रश्न अधिक रम्य होतो. सतराव्या शतकांत फर्मा या फ्रेंच गणित्यानें असें विचारलें, कीं तीन बिंदू दिले असतां ज्यापासून तिघांच्या अंतरांची बेरीज कमींत कमी होईल असा चौथा बिंदू कोणता? वायुभारमापक यंत्र शोधून काढणारा इटलीचा तोरिचेल्ली यानें तो सोडविला. त्या बिंदूवर उभें राहून पाहिलें असतां तिन्ही बिंदू एकमेकांशीं १२० अंशांचे कोन करितात. मात्र त्रिकोणाचा एखादा कोनच १२० अंशांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर त्या कोनाचा शिरोबिंदू हेंच उत्तर.

घरांतल्या मुलांस हें दाखविणें अगदीं सोपें आहे. एका जाड पुठ्ठ्यास तीन भोंकें पाडावीं, तीन दोऱ्यांचीं वरचीं टोकें एकत्र गांठावीं, दोरे भोंकांतून खालीं सोडून प्रत्येकास सारखें वजन बांधावें व पुठ्ठा आडवा, उंच धरावा. गांठ सरकत सरकत एके ठिकाणीं थांबेल. तेंच तोरिचेल्लीचें स्थान. दोऱ्यांची ही युक्ति व्हारिन्यों या फ्रेंच गणित्याच्या नांवानें ओळखली जाते. आतां एका दोऱ्याचें वजन बाकीच्या दोहोंच्या बेरजेइतकें किंवा त्याहून जास्त करून पाहावें. गांठ थेट त्याच भोंकाशीं जाऊन बसेल. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस याचें नवल वाटणार नाहीं. आजोबांचें वजन घरांत सर्वांहून भारी असलें कीं पाण्याच्या माठापासून देव्हाऱ्यापर्यंत सारें त्यांच्या खोलीच्या दाराशीं येतें, हें आपण पाहिलेंच आहे.

१९०९ सालीं आल्फ्रेड वेबर या जर्मन पंडितानें कारखान्यांच्या स्थानांवर ग्रंथ लिहिला, त्यांत हाच विचार मांडला आहे. कच्चा माल एकीकडून ओढतो, बाजार दुसरीकडून ओढतो. जें जड असेल त्याच्याकडे कारखाना सरकतो. आपल्याकडील साखर कारखाने उसाच्या शेतांजवळ कां, याचें उत्तर यांतच आहे. शंभर टन उसांतून साखर निघते ती साधारण दहा-अकरा टन. मग नव्वद टनांचें ओझें शहरापर्यंत कोण वाहील? पुढें १९३७ सालीं वाइसफेल्ड या तरुण हंगेरियन गणित्यानें एक पायरीपायरीची रीत दिली. कोठून तरी आरंभ करावा, जवळच्या ठिकाणांस अधिक व दूरच्यांस कमी महत्त्व देऊन नवी जागा काढावी, आणि जागा हलेनाशी होईपर्यंत हेंच पुनः पुनः करावें.

परंतु या सर्व बेरजेच्या वाटा झाल्या. दुसरी वाट इंग्लंडच्या सिल्व्हेस्टर या गणित्यानें १८५७ सालीं एका वाक्याच्या प्रश्नानें दाखविली होती. दिलेले सर्व बिंदू ज्यांत मावतील असें लहानांत लहान वर्तुळ कोणतें? त्या वर्तुळाचा मध्य म्हणजे जेथून सर्वांत दूरचाही शक्य तितका जवळ राहील अशी जागा. येथें बेरीज नाहीं. येथें टोकावरच्या माणसाकडे पाहून मध्य धरला जातो.

१९६४ सालीं अमेरिकेंत हकीमी यांनीं हे दोन्ही मध्य रस्त्यांच्या व तारांच्या जाळ्यावर शोधण्याचें गणित एकाच लेखांत मांडलें. त्यांचीं उदाहरणें फार बोलकीं आहेत. तारायंत्रांचें जोडकेंद्र कोठें असावें, तर जेथें तारांची एकूण लांबी कमींत कमी लागेल तेथें. कारण लांब तारेस कांहीं दुःख होत नाहीं. पण हमरस्त्यांच्या जाळ्यांत पोलीसठाणें कोठें असावें, तर जेथून सर्वांत दूरच्या ठिकाणींही शक्य तितक्या लवकर पोंचतां येईल तेथें. गणित एकाच तोलाचें आहे; फरक पडतो तो ज्याच्यासाठीं मोजावयाचें तो तार आहे कीं माणूस, यानें.

जागा एक नसून अनेक निवडावयाच्या असल्या म्हणजे हिशेब अफाट वाढतो. वीस गांवांतून तीन गांवें निवडण्याचे प्रकार ११४० होतात. पण शंभरांतून दहा निवडण्याचे सतरा लक्ष कोटींहून अधिक! अशा कोणत्याही जाळ्यावर हमखास व झटपट उत्तर देणारी सोपी रीत आजवर कोणास सांपडलेली नाहीं. म्हणून आमच्या पुतण्यासारख्यांस संगणक घेऊन बसावें लागतें. आगीचे बंब व रुग्णवाहिका यांच्यासाठीं तिसरी एक वाट १९७१ सालीं निघाली. तींत आधीं मर्यादा ठरवावयाची, कीं इतक्या मिनिटांत मदत पोंचलीच पाहिजे. आणि मग प्रत्येक वस्ती त्या मर्यादेंत येईल अशीं कमींत कमी ठाणीं किती व कोठें, तें काढावयाचें. १९७४ सालीं तिला जोड मिळाली. पैसा थोडा असल्यामुळें ठाण्यांची संख्या आधींच ठरलेली असेल, तर त्यांत जास्तींत जास्त लोक मर्यादेंत कसे आणावे, हा विचार त्या जोडींत आहे.

असो. आतां आमच्या गांवाकडे परत वळूं.

जूनमध्यें शाळा सुरू झाली. पांचव्या वाडीचीं पांच मुलें, दोन मुलगे व तीन मुली, पहिले पंधरा दिवस नियमानें आलीं. पांच किलोमीटर जाणें व पांच येणें, म्हणजे रोज दहा. त्यांत कोंकणांतला पाऊस, वाटेंत रान, आणि घरीं पोंचेपर्यंत दिवेलागण. मुलगे कसेबसे टिकले. मुली आषाढांत यावयाच्या थांबल्या, त्या पुन्हां आल्या नाहींत. श्रावणांत एका रविवारीं आम्ही त्या वाडीवर गेलों. एका मुलीची आजी पडवींत बसली होती. तिनें आम्हांस पाणी दिलें, आणि मग शांतपणें विचारलें, "गुरुजी, तुमच्या हिशेबांत आमची वाडी होती का?"

आम्हीं उत्तर दिलें, "होती, आजी. पांच मुलें, पांच किलोमीटर, पंचवीस."

म्हातारी कांहीं बोलली नाहीं. उतरतांना वाटेंत आम्हांस आपल्याच शब्दांचा अर्थ उमगला. एकूण बेरीज पंच्याहत्तर, आणि त्यांतले पंचवीस एका वाडीचे. म्हणजे ६५ मुलांच्या चालण्याचा तिसरा हिस्सा पांच मुलांच्या पायांवर आम्हीं टाकला होता, आणि तो आंकडा आम्हीं स्वतःच्या हातानें फळ्यावर लिहिला होता. आम्हीं बेरीज वाचली. रकमा वाचल्या नाहींत.

घरीं येऊन पुन्हां कागद घेतला. शाळा तिसऱ्या वाडींत बांधली असती तर बेरीज ७५ ऐवजीं ७८ झाली असती, आणि पांचव्या वाडीचें अंतर पांचाचें चार झालें असतें. चौथ्या वाडींत बांधली असती तर बेरीज ११३, म्हणजे दर मुलामागें सरासरी सुमारें सहाशें मीटर चालणें वाढलें असतें; पण गांवांतील कोणाही मुलास तीन किलोमीटरांहून अधिक चालावें लागलें नसतें. हीं तिन्ही उत्तरें समितीपुढें मांडावयास हवीं होतीं. कदाचित् समितीनें दुसरी वाडीच निवडली असती; पण मग ती डोळे उघडे ठेवून निवडली असती. आम्हीं एकच प्रश्न विचारला, त्याचें बिनचूक उत्तर काढलें, आणि त्या बिनचूकपणाच्या आड बाकीचे प्रश्न झांकून गेले.

याहूनही मन खिन्न करणारी गोष्ट पुढेंच आहे. तीन मुली शाळा सोडून गेल्या, तेव्हां त्यांचे पंधरा किलोमीटर बेरजेंतून वजा झाले. पंच्याहत्तरांचे साठ उरले. कागदावर पाहिलें तर गांवाचा हिशेब सुधारला! जो केवळ हजेरीपटावरचीं नांवें मोजतो, त्याचें गणित टोकावरचीं मुलें गळतील तसतसें उजळत जातें. ही चूक सहजासहजीं दिसत नाहीं. कारण जें मूल पटावर नाहीं, तें तक्रार करावयास येत नाहीं.

सुदैवानें कायद्यानें या बाबतींत बेरजेचें नव्हे तर मर्यादेचें गणित पत्करलें आहे. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीच्या मुलास एक किलोमीटराच्या आंत व सहावी ते आठवीच्या मुलास तीन किलोमीटरांच्या आंत शाळा असावी, असें आहे. आरोग्य उपकेंद्रांच्या बाबतींतही असाच विवेक आहे. सपाटीवर पांच हजार लोकवस्तीस एक, तर डोंगराळ व आदिवासी भागांत तीन हजारांस एक. टोकावरच्या माणसाचें पाऊल जड असतें, हें त्या दोन आंकड्यांतील अंतरानें मान्य केलें आहे.

परंतु नियम झाला म्हणून प्रश्न मिटला, असें नाहीं. २०२३ सालीं आपल्या राज्यांत कमी पटाच्या शाळा एकत्र आणून समूह शाळा काढण्याचा विचार पुढें आला, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. एकत्र शाळेचे लाभ खोटे नाहींत. एका खोलींत चार इयत्ता घेऊन बसलेल्या एकट्या शिक्षकाची ओढाताण आम्हीं स्वतः भोगली आहे. वर्गास वर्ग, शिक्षकास सोबती व मुलांस खेळगडी मिळाले तर कोणास नको आहे? आमचें म्हणणें इतकेंच, कीं असा हिशेब मांडतांना सर्वांत दूरचें मूल कोण, तें कसें येणार, आणि तें न आलें तर तें कोणाच्या वहींत दिसणार, हे तीन रकाने बेरजेच्या शेजारीं असलेच पाहिजेत.

त्या तीन मुलींपैकीं एक दोन वर्षांपूर्वीं तालुक्याच्या गांवीं एका लग्नांत भेटली. तिनें ओळखलें, वांकून नमस्कार केला, संसाराची हकीकत सांगितली. निघतांना सहज बोलून गेली, "चौथीपर्यंत माझाच पहिला नंबर असायचा, गुरुजी." बोलण्यांत राग मुळींच नव्हता. असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

ही सारी हकीकत आम्हीं त्या रात्रीं पुतण्यास सांगितली. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "काका, आमच्या गणितांत असें करतां येतें. कोणीही इतक्या अंतराहून दूर राहतां कामा नये, अशी एक ओळ वाढवावी लागते. उत्तर थोडें महाग येतें, एवढेंच."

आम्हीं विचारलें, "मग ती ओळ तुम्ही कधीं लिहितां?"

"जो काम सांगतो तो सांगेल तेव्हां."

वाचकहो, हें उत्तर आम्हांस फार मोलाचें वाटतें. यंत्र ती ओळ आपण होऊन लिहिणार नाहीं, आणि गणितही लिहिणार नाहीं; ती सांगावी लागते. आपल्यापैकीं अनेकजण शाळासमितींत, सहकारी गृहसंस्थेंत, देवस्थानाच्या विश्वस्त मंडळांत बसतात. दवाखाना, पाण्याचा नळ, वाचनालय कोठें असावें असा प्रश्न पुढें येईल, आणि कोणी हुशार मनुष्य एक नेमका आंकडा घेऊन उभा राहील. त्याचा आदर करावा, बेरीज तपासून पाहावी, आणि मग त्यास विचारावें, कीं बाबा रे, या बेरजेंतली सर्वांत मोठी रक्कम कोणाची आहे? तीस वर्षांपूर्वीं आमच्या समितींत तेवढें विचारणारा कोणी नव्हता. खडू आमच्या हातीं होता, म्हणून विचारण्याचें कामही आमचेंच होतें.